कारण सांगितल्याशिवाय नाव नाही

देवगाव फाट्यावर कुणाला बारशासाठी लेकराचं नाव थर्माकोलात कापून घ्यायचं असलं, की आधी त्या नावाचं कारण सांगावं लागे. पैसे नंतर दिले तरी चालत. कारण मात्र आधी. गिऱ्हाईक नाव सांगे, दुकानदार हातातलं पातं खाली ठेवी, चष्मा कपाळावर चढवी आणि विचारी, "कामून?"

आमच्या परभणीकडं 'का'ला 'कामून' म्हणतात. हा एकच शब्द त्या माणसानं इतक्या वेळा उच्चारला, की सगळा फाटा त्यांना कामूनमामा म्हणायला लागला. पाठीमागं कामूनमामा, तोंडावर नुसतं मामा. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण घरची माणसं नको म्हणाली.

या वर्षी उन्हाळ्यात मामा गेले. त्यांच्याबद्दल फाट्यावर पंधराएक वर्षं एक गोष्ट सांगितली जाते, की मामा माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नव्हतं. त्यानं एका घरचं गुपित फोडलं आणि बाळंतीण बाई माहेरी निघून गेली. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण ती दुरुस्त करायची तर आधी माणूस सांगितला पाहिजे, कारण आता फाट्यावरच्या निम्म्या लोकांना मामा कोण हेच माहीत नाही.

मामांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस गारपिटीतून चालत आलाय. थर्माकोलचे पांढरे दाणे त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या खिशात. करवतीच्या पात्यानं अक्षर कापायचं, मग पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, आणि उडालेले दाणे अंगाला चिकटायचे. ते झटकत नसत. चहाच्या कपात दाणा पडला तर बोटानं बाजूला सारून पीत. त्यांची एक शिस्त होती. इतर दुकानदार अक्षरं सुटी सुटी कापतात आणि पडद्यावर टाचण्यांनी लावतात. मामा अख्खं नाव शिरोरेघेसकट एका तुकड्यात कापत. शेवटच्या अक्षराला रेघ मोडली तर सगळं फेकून थर्माकोलचं नवं पान घेत. मी म्हणायचो, "मामा, चिकटवून घ्या की. कुणाला दिसतंय?"

"लेकरू पाळण्यात पडून वर बघतंय, गुरुजी. त्याला दिसतंय."

मी फाट्याजवळच्या शाळेत मराठी शिकवायचो. त्याआधी बरीच वर्षं चुडाव्याच्या शाळेत होतो. संध्याकाळी शाळा सुटली की माझी बैठक मामांच्या दुकानात. लोक नावासाठी माझ्याकडं येत. पंचांगातून अक्षर निघालेलं असे, म्हणून आल्या आल्या सांगत, "गुरुजी, आमाला 'च' आलाय." मी चार नावं सुचवी, प्रत्येकाचा अर्थ सांगी आणि ते शेजारी मामांकडं वळत. म्हणजे नाव मी द्यायचं आणि मामांनी कापायचं. मधे तेवढा त्यांचा नाका असायचा.

"चैतन्य. कामून?"

"गुरुजी म्हणले, अर्थ चांगला हाय."

"अर्थ इचारला न्हाई, बापा. कारण इचारलं. अर्थ सगळ्याच नावाला चांगला असतोय. वाईट अर्थाचं नाव कोण ठेवतंय?"

हा फरक मला कळायला फार दिवस लागले. मामांना थोर कारण नको होतं, खरं हवं होतं. एकदा शेजारच्या खेड्यातला एक तरुण आला. मुलाचं नाव 'अमर' ठेवायचं होतं. मामांनी विचारलं, "कोणी गेलं का घरात?" तो म्हणाला, "न्हाई हो. माझं नाव ज्ञानेश्वर हाय. तो 'ज्ञ' मला चौथीपर्यंत आला न्हाई. लय मार खाल्ला. ह्यात काना न्हाई, मात्रा न्हाई, वेलांटी न्हाई. पोरगं सुटंल." असं म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याचा मास्तर नव्हतो, पण मास्तर होतो. मामा इतके खूश झाले, की त्याला चहा पाजला आणि अक्षरांच्या कडा दोनदा घासल्या.

पोखर्णीच्या बाजूचा माणूस आला की मामा गालातल्या गालात हसायचे. तिथं नरसिंहाचं देऊळ, त्यामुळं घरटी एखादा नरसिंग, नरहरी, नृसिंह ठरलेला. "तुमच्याकडं कारण इचारायचं कामच न्हाई," ते म्हणायचे, आणि तरी विचारायचे. मग कळायचं, की हा नरसिंग नवसाचा नाही, तर ह्याच नावाच्या चुलत्यानं शेतातला बांध कोरणं सोडावं म्हणून त्याला खूश करायला ठेवलाय.

पिराजी नावाचे एक म्हातारे पाटील होते. दर्ग्याला नवस बोलल्यावर झाले म्हणून पिराजी. ते नातवाचं नाव कापून घ्यायला आले.

"शिवांश. कामून, पाटील?"

"सुनंनं काढलंय. मोबाइलमधून."

"मोबाइलला कोणी सांगितलं?"

"ते तिलाच इचारा. मला तर आमच्या वाड्यावरच्या सगळ्या पोराचं नाव सारखंच ऐकू येतंय. शिवांश, रियांश, वियांश. एकाला हाक मारली की चौघं येतेत."

मामांनी सुनेला बोलावून घेतलं. ती बिचारी लाजत म्हणाली, की तिच्या भावाला महादेवाचं लय वेड, तो फौजेत आहे, वर्षातून एकदा येतो. मामा पाटलांकडं वळले. "बघा. मोबाइल न्हाई, भाऊ हाय." दिवाळीत तो भाऊ सुट्टीवर आला तेव्हा पाटलांनी त्याला स्वतः फाट्यावर आणून मामांना दाखवला, जणू नावाचा पुरावाच.

एका शिवभक्त घरात आजोबांना 'गुरुलिंग' हवं होतं, सुनेला 'रुद्र'. दोघं दुकानात उभं राहून भांडले. मामांनी दोघांची कारणं ऐकून घेतली आणि दोन्ही नावं कापली. पाळण्याच्या डोक्याशी एक, पायाशी एक. "कूस बदलंल तसं वाचंल," म्हणाले.

एकदा मलाच त्यांनी पकडलं. "गुरुजी, तुमचं नाव कामून?" मी अर्थ सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. मला कारण माहीत नव्हतं. चाळिशी गाठलेली, हजार लेकरांना नावं सुचवलेली आणि स्वतःच्या नावाचं कारण ठाऊक नाही! त्यांनी मला गावी पिटाळलंच. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "तुझ्या आधीचे दोन गेले. तुला ताप आला तर दवाखान्यातला कंपाउंडर पुरातून औषध घेऊन आला. त्याचं नाव ठिवलं." मी परत येऊन सांगितलं तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "कंपाउंडरला म्हाईत होतं का?" ते मी आईला विचारलं नव्हतं. पुढं विचारायचं राहून गेलं.

आणि त्यांचं स्वतःचं? मी विचारलं होतं. म्हणाले, "मायनं एक सांगितलं, आत्यानं एक, चुलत्यानं तिसरंच. तिघं बी खोटं बोलायलेते. खरं काय ते बापाला म्हाईत होतं. त्यानं सांगितलं न्हाई." कुणी कारण लपवलं की त्यांना ते लगेच कळायचं, याचं मूळ तिथं असावं.

पण कळलेलं कारण ते कुणाला सांगत नसत. हे मात्र फाट्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही. सारखं विचारतो तो सांगतही असणार, असं लोक धरून चालतात. वर जी कारणं मी लिहिली, ती सगळी दुकानात चारचौघांत उघड बोललेली. बाजूला नेऊन सांगितलेलं एकही कारण मी मामांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि मी रोज तिथं बसायचो.

आता ती गोष्ट.

फाट्यावर एक बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या दुकानदाराची पहिली बायको लग्नाच्या वर्षातच काविळीनं गेली. तिचं सासरचं नाव अर्चना. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. तांदळाच्या ताटात नवरा बोटानं नवं नाव लिहितो आणि माहेरचं नाव माहेरी राहतं. ही मुलगी चुडाव्याची, माझी विद्यार्थिनी. लग्नानंतर एकदा फाट्यावर दिसली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "गुरुजी, वळखलं का? मी केतकी. आता अर्चना झाले." नंतर वर्षभरात ती गेलीच. सासरच्या गावात तिचं माहेरचं नाव लक्षात असलेले दोघंच, तिचा नवरा आणि मी.

त्यानं दुसरं लग्न केलं. दुसरी बायको जिंतूरकडची, तडफदार, स्पष्ट बोलणारी. पहिली मुलगी झाली. बारशाच्या दोन दिवस आधी तो मामांच्या दुकानात आला. मी आत चहा पीत बसलो होतो.

"केतकी," तो म्हणाला.

"कामून?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मामांना हाताला धरून बाहेर नेलं. दोघं रस्त्यापलीकडं लिंबाखाली बराच वेळ उभे होते. मामा परत आले, बसले आणि मुकाट्यानं पान आखायला लागले.

"काय कारण निघालं?" मी विचारलं.

"कारण हाय. खरं हाय."

"पण काय?"

"चहा गार व्हायलाय तुमचा."

मला राग आला. रोज बसणारा मी, नावांचा जाणकार मी, आणि मलाच सांगत नाहीत. घरी जाताना ओळख पटली. केतकी. चुडावा. माझंच मला कळलं म्हणून इतका आनंद झाला, की पोटात मावेना. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

बारशाच्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी आत्याच्या पाठीवर धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. मामांनी कापलेलं 'केतकी' पाळण्यावर होतं, गुलाबी कागद लावलेलं, रेघ अखंड. बाहेर आमची पंगत बसली. शेजारचा म्हणाला, "हे नाव कुठून काढलं हो ह्यानं? गुरुजी, तुमी दिलं का?"

नाही म्हणून गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "मी न्हाई दिलं. चुडाव्याला माझ्या शाळेत एक केतकी होती. हिथंच दिली होती पुढं. मग अर्चना झाली." आणि अर्थपूर्ण हसलो. बुंदी वाढणारी बाई दुसऱ्या बायकोची मावशी होती. तिचा हात ताटावर थांबला. मला तो दिसला. मी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळंतीण बाळाला घेऊन माहेरी गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर आली, एकटी. मामांच्या दुकानासमोर उभी राहिली. गोष्ट तिच्यापर्यंत 'पंगतीत कळलं' एवढीच पोचली होती. पंगतीत कुणाकडून आली, याचा विचार कुणी केला नाही. कारण विचारणारा माणूस तर सगळ्यांना माहीत होता.

"माझ्या लेकराच्या कानात सवतीचं नाव सांगितलं," ती ओरडली, "आणि मला गावाकडून कळायलंय? तुला कळलं होतं तर मला येऊन सांगायचं, न्हाईतर मरेपर्यंत गप ऱ्हायचं. पंगतीत वाटायला ते काय घुगऱ्या हायेत का?" तिनं पायातली चप्पल काढून दाखवली. बाजार गोळा झाला. मामा उठले. भुवयांवर दाणे. म्हणाले, "माय, चूक झाली."

मी समोरच्या गाड्यावर भजी खात होतो.

ती गेल्यावर मी दुकानात गेलो. म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला चूक झाली म्हणालात?"

"न्हाई म्हणलो असतो तर ती म्हणली असती, मंग कोण?"

"मग माझं नाव सांगायचं."

"मला वाटलं, तुमीच सांगताल." मग पातं उचलून ते म्हणाले, "तुमी तितंच होते की."

मी म्हणालो, सांगतो. पुढच्या बाजारी सांगतो. त्या बाजारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या बाजारी ते माझ्याकडं पाहत होते, हे मला आठवतं. त्यानंतर त्यांनी पाहणं सोडलं. मी दुकानात जातच राहिलो. चहा मिळत राहिला. मला कोणी काही विचारलं नाही, मामांनीही नाही.

आणि एक गोष्ट बंद झाली. नवीन गिऱ्हाईक यायचं, नाव सांगायचं. मामा चष्मा वर चढवायचे आणि विचारायचे, "किती मोठं पायजे?" बस. कामून नाही. कुणी आपणहून कारण सांगायला लागलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." काही लोक त्यांच्याकडं यायचे थांबलेच, सेलूहून अक्षरं आणायला लागले. पुढं फ्लेक्स आले, थर्माकोलवर बंदी आली, दुकान बसलं ते बसलंच. फाट्यावरचे लोक म्हणायचे, काळ बदलला. काळ बदलायच्या आधीच त्या दुकानातला प्रश्न गेला होता, आणि तो मी घालवला होता.

बाळंतीण काही महिन्यांनी परत आली. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली. नाव बदलता आलं नाही. कानात पडलेलं नाव मागं घेता येत नाही, असं सगळ्या बायकांचं मत पडलं. आई मुलीला छकुली म्हणायची, शाळेत ती केतकी. माझ्याच वर्गात आली. मी तिची हजेरी घ्यायचो.

मामांच्या दहाव्याला मी गेलो होतो. जेवताना शेजारी कुणीतरी म्हणालं, "माणूस लय चांगला. पोटात तेवढं काही ऱ्हात नव्हतं." चार माणसं हसली. मामांचा मुलगा वाढत होता. त्यानं ऐकलं आणि पुढच्या पानाकडं गेला. मी पान तसंच ठेवून उठलो.

त्या आठवड्यात मी बियाण्यांच्या दुकानात गेलो. नवरा परभणीला गेला होता. हल्ली दुकान तीच बघते. "बसा, गुरुजी," तिनं स्टूल पुढं केलं. मी सगळं सांगितलं. पंगत, बुंदी, चुडावा. ती सोयाबीनच्या पिशव्यांवर हात ठेवून ऐकत होती.

"मी त्या म्हाताऱ्याला बाजारात चप्पल दाखविली," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी तवा भजे खायलालते."

"हो."

"गोड लागले का?"

तिनं दारातल्या गिऱ्हाइकाला थांबायला खुणावलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगायलाव? मी एकटी होते का तवा? बाजार होता. बाजारात सांगा. मी येते."

मी गेलो. ऊन रणरणत होतं. मामांच्या जुन्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर मिळतात. त्याच्यासमोर उभा राहून मी मोठ्यानं सांगितलं. चार-दोन जुनी माणसं थांबली. एका भाजीवालीनं कपाळाला हात लावला. एक पोरगा कानातली वायर काढून म्हणाला, "कोण मामा, आजोबा?" जिंतूरची एसटी आली, अर्धे लोक तिकडं पळाले. बाई मात्र हातात मेथीची जुडी घेऊन शेवटपर्यंत उभी होती.

"एवढ्यानं काय व्हतंय?" ती म्हणाली. "निम्म्याला तर मामा म्हाईतच न्हाई. लिहून काढा. मास्तर हायेत ना तुमी?" मग जाता जाता थांबली. "आणि त्यात तिचं बी लिहा. ती पहिली. माझी केतकी परवा इचारायलती, आई, ती कशी होती. मी कधी बघितलं न्हाई तिला. तिच्या बापाला इचारलं की तो उठून जातो. तुमी तरी सांगा."

म्हणून, बेटा केतकी, हे तुझ्यासाठी. चुडाव्याच्या शाळेत ती खिडकीजवळच्या रांगेत बसायची. मैत्रीण गैरहजर असली की तिच्या आवाजात 'हजर' म्हणायची, आणि आवाज इतका हुबेहूब काढायची, की मला वर पाहावं लागे. मी वर पाहिलं की ती हसू दाबायला ओढणी तोंडात धरायची. खाडाखोड तिला आवडत नसे, चुकलं की अख्खं पान पुन्हा लिहायची. शाळेमागच्या स्टेशनात आगगाडी शिरली की तिचं लक्ष उडायचं आणि गाडी सुटेपर्यंत परत यायचं नाही. एकदा मी विचारलं, "कुठं जायचंय तुला?" ती म्हणाली, "कुठं न्हाई, गुरुजी. उतरायले कोण ते बघायले." तुझ्या बापानं तिला वर्षभर पाहिलं, आणि ते तुझ्या नावात ठेवलं. तुझ्या आईला तो सांगू शकला नाही. एका माणसाला सांगू शकला, लिंबाखाली उभं राहून. त्या माणसानं ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते मी.